साल टाकण्याआधी: फळांच्या सालींपासून रोजच्या खाण्याचे जिन्नस घरी कसे करावेत

संत्र्याची वाळलेली साल म्हटली की आपल्याकडे बहुतेकांना दिवाळीचे उटणे आठवते. ती खाण्याच्या पदार्थातही घालता येते असे मी पहिल्यांदा सांगितले, तेव्हा शेजारच्या काकूंनी "म्हणजे उरलेलं उटणं नानकटाईत घालायचं का गं?" असा प्रश्न केला होता. वास्तविक साल खाणे आपल्याला मुळीच नवे नाही. ज्याच्याशिवाय आपली आमटी आंबट होत नाही ते आमसूल म्हणजे रातांब्याची सालच असते. फळ फोडून, बिया आणि गर वेगळा काढून, ती साल त्याच फळाच्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवलेली असते. दोडक्याच्या शिरांची चटणी तर ज्या घरात होत नाही असे मराठी घर सापडणे कठीण. मात्र संत्रे, मोसंबी, कलिंगड आणि केळे यांच्या साली आपण न पाहता ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकतो, कारण त्यांचे काय करायचे हे कोणी दाखवलेले नसते.

मी गोरेगावला तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहते आणि गेली चार वर्षे हा उद्योग करीत आहे. त्यांपैकी पहिले वर्ष जवळजवळ वाया गेले. मिळेल ती साल मी वाळवीत होते, दळीत होते आणि बरण्या भरीत होते. पावसाळा सुरू झाला तेव्हा ओट्यावर सहा बरण्या होत्या आणि त्यांतल्या एकीचेही काय करायचे हे मला ठाऊक नव्हते. नवशिक्याची खरी अडचण ही असते. वाळवणे सोपे आहे. कोणती साल कोणत्या पदार्थात काय काम करते हे आधी ठरवणे अवघड आहे. म्हणून पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

१. आधी पदार्थ ठरवावा, मग साल निवडावी

साल पदार्थात तीन प्रकारची कामे करू शकते. ती सुगंध देते, ती भर घालते किंवा ती पदार्थाला धरून ठेवते. सालीकडून यांपैकी नेमके कोणते काम हवे आहे हे ठरले की पुढची पद्धत आपोआप ठरते.

सुगंधासाठी संत्रे, मोसंबी आणि लिंबू. त्यांच्या सालीच्या बाहेरच्या रंगीत थरात तेलाच्या बारीक पिशव्या असतात. लहानपणी भावंडांच्या डोळ्यांत साल पिळून जे फवारे आपण उडवले, तेच हे तेल. ते ज्योतीजवळ पिळले तर तडतडून पेटते, आणि उष्णतेने चटकन उडूनही जाते. वाळवताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

भर घालण्यासाठी कलिंगडाचा पांढरा भाग आणि केळ्याची साल. या दोहोंना स्वतःची फारशी चव नसते, आणि तोच त्यांचा गुण आहे.

धरून ठेवण्यासाठी संत्रे-मोसंबीचा आतला पांढरा थर. त्यात पेक्टिन भरपूर असते. जॅम आणि जेली घट्ट करणारे बाजारातले पेक्टिन बहुतांशी लिंबूवर्गीय फळांच्या साली आणि रस काढून उरलेला सफरचंदाचा चोथा यांपासूनच काढले जाते.

आता काय वापरू नये तेही येथेच सांगते. डाळिंबाची साल अतिशय तुरट असते. औषधात तिचा उपयोग होतो, परंतु रोजच्या पिठात किंवा चटणीत ती घालू नये. सीताफळाची साल आणि बिया दोन्ही वर्ज्य समजाव्यात. बिया विषारी असतात आणि त्यांची पूड डोळ्यांना इजा करते. लिचीची साल खाण्याजोगी नसते. पपनसाच्या बाबतीत एक वेगळी सूचना आहे: कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांशी ग्रेपफ्रूटप्रमाणेच पपनसाचाही संयोग बाधतो. म्हणून घरात अशी औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याची साल पाकवू नये.

हापूसच्या सालीबद्दल मला सर्वांत जास्त वेळा विचारले जाते. आंब्याचे सार करताना बाठे आणि साली पाण्यात कोळून घेण्याची पद्धत जुनीच आहे, आणि ती चांगली आहे. परंतु आंब्याच्या सालीत आणि चिकात त्वचेला खाज आणणारे घटक असतात. ज्यांना आंबा सोलताना हाताला किंवा ओठांना पुरळ येते त्यांनी सालीच्या वाटेला जाऊ नये. आंबे पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, तरी ते वापरले जाते ही वस्तुस्थिती आहे. त्यामुळे अढीत पिकवलेला, ओळखीच्या बागायतदाराकडून पेटीने आलेला आंबा असेल तरच मी साल घेते.

२. साहित्य जमवावे

यासाठी नवे काही विकत घेण्याची फारशी गरज नाही. मला पुढील वस्तू लागतात:

– सोलाणे, बारीक किसणी आणि एक पातळ कडेचा स्टीलचा चमचा
– एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा
– दोन मोठ्या चाळण्या किंवा सुपे, आणि त्यांवर झाकायला मलमलचे कापड
– भाजी घासायचा मऊ ब्रश, जो फक्त फळांसाठीच ठेवावा
– मिक्सरचे लहान भांडे आणि मैद्याची चाळणी
– घट्ट झाकणाच्या काचेच्या लहान बरण्या, शंभर ते दोनशे ग्रॅमच्या
– चिकटपट्टी आणि पेन, म्हणजे बरणीवर नाव आणि तारीख लिहिता येते

बरण्या लहानच का, याचे उत्तर सहाव्या पायरीत येईल. ओटीजी किंवा वाळवणी यंत्र असल्यास उत्तम, परंतु केवळ यासाठी ते घेऊ नये. सालीची पूड करण्यासाठी ओटीजी सहा तास चालवला तर विजेच्या बिलात पुडीची सगळी किंमत निघून जाते; ज्या महिन्यांत ऊन फुकट मिळते त्या महिन्यांतच हे काम उरकावे.

३. फळ सोलण्याआधी धुवावे

ही पायरी लहान आहे, परंतु सर्वांत जास्त चुका हिच्यातच होतात. आपण फळ सोलून खातो तेव्हा सालीवर काय आहे याची फिकीर करीत नाही. साल खायची असेल तर फळ घरी येताच धुवावे लागते. सोललेली साल धुतली तर पांढरा थर पाणी शोषतो आणि तेल वाया जाते.

एका मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात दर लिटरला एक चमचा खायचा सोडा घालावा, फळे पंधरा मिनिटे बुडवून ठेवावीत, ब्रशने घासावीत आणि वाहत्या पाण्याखाली स्वच्छ धुऊन फडक्याने कोरडी करावीत. साबण किंवा भांडी घासण्याचे द्रव वापरू नये. सोड्याच्या पाण्याने पृष्ठभागावरची कीटकनाशके बऱ्याच अंशी निघतात. सालीच्या आत मुरलेली निघत नाहीत. त्यामुळे फळ कोठून घ्यायचे हा प्रश्न उरतोच. चकचकीत सफरचंदांवर आणि परदेशातून आलेल्या संत्र्यांवर मेणाचा थर असतो, आणि आयात संत्र्यांवर साठवणीसाठी बुरशीनाशकही लावलेले असू शकते. मी आयात फळांच्या साली मुळीच वापरत नाही. नागपूरची संत्री आणि जालन्याकडची मोसंबी हंगामात वाशीच्या बाजार समितीत पेटीने मिळतात. तीनचार घरांनी मिळून एक पेटी घेतली तर दर परवडतो, आणि शेजाऱ्यांनी फळ खाऊन साल आपल्याकडे परत द्यायची असा ठरावही करता येतो. माझ्या मजल्यावर तो गेली दोन वर्षे पाळला जात आहे.

येथे माझा एक मूर्खपणा सांगते. पहिल्या वर्षी मी जवळच्या एका रसवाल्याकडून मोसंबीच्या सालींची मोठी पिशवी फुकट आणली. घरी आणून रात्रभर ओट्यावर ठेवली. सकाळी पिशवीत हात घातला तर साली कोमट झाल्या होत्या, म्हणजे आत आंबायला सुरुवात झाली होती, आणि तळाशी हिरवट बुरशी होती. रसवाल्याकडच्या साली माश्या बसलेल्या टोपलीत तासन्‌तास पडून असतात, आणि फळ सोलण्याआधी धुतलेले असेलच असे नाही. फुकट मिळते म्हणून अशी साल खाण्यासाठी आणू नये.

४. कडूपणा कोठे आहे ते ओळखून काढावा

संत्रे-मोसंबीचा कडूपणा मुख्यतः पांढऱ्या थरात असतो. त्यामुळे केवळ सुगंध हवा असेल तर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सोलण्याआधीच अख्ख्या फळाचा बाहेरचा रंगीत थर बारीक किसणीवर अलगद किसून घेणे. मोसंबी आणि लिंबू यांना हे चालते. नागपुरी संत्र्याची साल मात्र फळाला सैल असते, किसणीवर धरली की ती दबते आणि फाटते. तिच्यासाठी वेगळी युक्ती आहे. साल नेहमीप्रमाणे सोलावी, तिचा तुकडा पाटावर पालथा, म्हणजे पांढरी बाजू वर येईल असा, दाबून धरावा आणि चमच्याची कड जवळजवळ आडवी ठेवून आपल्याकडे ओढावी. पांढरा थर कापसासारखा गोळा होऊन निघून येतो आणि खाली केशरी, जवळजवळ पारदर्शक पापुद्रा राहतो; उजेडासमोर धरला तर तेलाच्या पिशव्या ठिपक्यांसारख्या दिसतात. एका संत्र्याला दोन मिनिटे लागतात. कंटाळवाणे काम आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. मी ते रेडिओ ऐकत करते.

खरवडलेला पांढरा थर टाकू नये. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी साधारण संत्र्यांच्याच दिवसांत बाजारात असते, आणि स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी असल्यामुळे तिचा घरचा जॅम पातळ राहतो अशी तक्रार नेहमी ऐकू येते. पांढरा थर आणि फळातल्या बिया मलमलच्या पुरचुंडीत बांधून ती पुरचुंडी जॅमबरोबर उकळावी, शेवटी चमच्याने दाबून पिळून काढावी आणि जॅममध्ये लिंबाचा रस घालावा. पेक्टिनला जमण्यासाठी साखर आणि आंबटपणा दोन्ही लागतात, म्हणून लिंबू गाळू नये. पुरचुंडी फार वेळ ठेवली तर कडवटपणा उतरतो. अर्ध्या किलो स्ट्रॉबेरीला दोन संत्र्यांचा थर पुरतो.

अख्खी साल पाकवायची असेल तर कडूपणा उकळून काढावा लागतो. सालीच्या पट्ट्या गार पाण्यात घालून उकळी आणावी, दहा मिनिटे उकळू द्यावे, ते पाणी फेकावे, आणि नव्या गार पाण्यात पुन्हा हेच करावे. संत्र्याला तीन वेळा, मोसंबीला तीन किंवा चार वेळा. एकदा उकळून भागेल असे मला वाटले होते आणि मी घाईने एक किलो साखर त्या पाकात घातली. ती वडी घरात कोणी खाल्ली नाही आणि शेवटी मलाही खाववली नाही. प्रत्येक उकळीनंतर एक तुकडा गार करून चावून पाहावा.

५. वाळवावे, आणि मुंबईच्या हवेशी भांडू नये

वाळवणाची पुस्तकी कृती वाचून फसगत होते ती येथे. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, आणि अशा हवेत साल वाळत नाही, ती हळूहळू कुजते. माझे कामाचे हंगाम दोन: ऑक्टोबरच्या उष्म्यापासून सुरुवात होते आणि फेब्रुवारी ते मेपर्यंत मुख्य काम होते. जून ते सप्टेंबर या काळात ताजी साल ताजीच वापरावी किंवा किसून फ्रीजरमध्ये ठेवावी.

सुगंधी साल थेट उन्हात ठेवू नये. रंग विटतो आणि वास उडतो. पातळ पट्ट्या सुपात एकेरी थरात पसरून, मलमल झाकून, पंख्याखाली सावलीत ठेवाव्यात. दोन ते तीन दिवसांत त्या वाळतात. केळ्याच्या सालीला आणि तुटीफ्रुटीला मात्र उन्हाची पहिली तिरीप चालते.

खिडकीच्या ग्रिलमध्ये वाळवण ठेवण्याचा मोह प्रत्येकाला होतो. तो टाळावा. कबुतरे दोन मिनिटांत हजर होतात, आणि रस्त्याची धूळ मलमलमधूनही आत जाते. सोसायटीच्या गच्चीवर परवानगी मिळत असेल तर खाट किंवा टेबल यांवर, जमिनीपासून उंच, चारी बाजूंनी कापड खोचून ठेवावे. एसीच्या बाहेरच्या यंत्रासमोर ठेवले की लवकर वाळते असे सांगणारे भेटतात. त्या गरम हवेबरोबर बाहेरची सगळी धूळही सालीवर येते, हे ते सांगत नाहीत.

ओटीजी वापरणार असाल तर सर्वांत कमी तापमानावर, शक्यतो ६० अंशांच्या आसपास, आणि दारात लाकडी चमचा अडकवून फट ठेवावी, म्हणजे वाफ बाहेर जाईल.

साल खडखडीत वाळली का, याची खूण बोटांना कळते. पट्टी वाकवली की वाकता कामा नये. कट् आवाज करून तुटली पाहिजे. बाहेरून कोरडी पण मध्ये चामड्यासारखी वाकणारी साल हा बुरशीचा हमखास पाया आहे. वजनावरूनही अंदाज येतो: न खरवडलेली दहा संत्र्यांची ओली साल माझ्या काट्यावर २५० ग्रॅमच्या आसपास भरते आणि पूर्ण वाळल्यावर ७० ग्रॅमच्या जवळ येते. शंभरावर अडकली असेल तर आणखी एक दिवस द्यावा.

६. दळावे आणि साठवावे

वाळलेली साल पूर्ण गार झाल्यावर मिक्सरच्या लहान भांड्यात थांबून थांबून फिरवावी. सलग फिरवली तर भांडे तापते आणि सुगंध झाकण उघडताच निघून जातो. मग मैद्याच्या चाळणीतून चाळावी. चाळ पुन्हा फिरवावा आणि उरलेला जाडसर भाग चहाच्या डब्यात टाकावा. लाडू-बर्फीसाठी वस्त्रगाळ पूड हवी, भाजणीसाठी थोडी जाडसर चालते.

बरण्या लहान ठेवण्याचे कारण असे की मोठी बरणी रोज उघडली जाते आणि पावसाळ्यात प्रत्येक उघडण्याबरोबर दमट हवा आत शिरते. पहिल्या वर्षी जुलैमध्ये केळ्याच्या सालीच्या पिठाची किलोभराची बरणी उघडली तेव्हा आत दगडासारखा गोळा झाला होता आणि त्याला ओल्या गोणपाटाचा वास येत होता. वरचा भाग काढून खालचा वापरावा असा विचार मनात आला होता. तो कधीही करू नये. बुरशीचे तंतू दिसतात त्याहून खोल गेलेले असतात, आणि तिची काही विषे शिजवूनही जात नाहीत. सगळी बरणी टाकावी. आता मी मेअखेरीस सगळ्या पुडी लहान बरण्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवते आणि एकावेळी एकच बाहेर काढते.

एक इशारा राहिला. पूजेच्या सामानाच्या दुकानांत उटण्यासाठी संत्र्याच्या सालीची तयार पूड मिळते. ती अंगाला लावण्यासाठी विकलेली असते, खाण्यासाठी नव्हे. स्वच्छतेचे आणि भेसळीचे खाद्यपदार्थांचे नियम तिला लावलेले नसतात. वेळ वाचवण्यासाठी ती नानकटाईत घालू नये.

७. रोजच्या पदार्थांत वापरावे

सालीचे प्रमाण चमच्यात मोजावे, वाटीत मोजू नये. पाव किलो मैद्याच्या नानकटाईला संत्र्याच्या सालीची एक सपाट चमचा पूड पुरते. दोन चमचे घातली तर औषधाचा वास येतो. बेसनाच्या लाडवात अर्धा चमचा, रव्याच्या केकमध्ये एक चमचा. लिंबाच्या सालीची पूड, मीठ, लाल तिखट आणि भाजलेले जिरे एकत्र करून ठेवले तर काकडीवर, पेरूवर आणि उकडलेल्या कणसावर उत्तम लागते. अननसाच्या साली घासून स्वच्छ धुवाव्यात, दालचिनी आणि गूळ घालून वीस मिनिटे उकळाव्यात आणि गाळाव्यात. गार पाण्यात मिसळून सरबत होते. ते फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावे, नाहीतर आंबते.

केळ्याच्या सालीची गोष्ट वेगळी आहे. कच्च्या केळ्याच्या सालीसाठी मी सासूबाईंची दोडक्याच्या शिरांची कृती जशीच्या तशी वापरली. देठाकडचा आणि टोकाचा बोटभर भाग कापून टाकावा, साल मीठ-हळदीच्या पाण्यात मऊ होईपर्यंत उकडावी, निथळून अगदी बारीक चिरावी आणि तेलात जिरे, हिरवी मिरची, तीळ व सुके खोबरे यांबरोबर कुरकुरीत होईपर्यंत परतावी. शेवटी चिंच-गुळाचा बोटभर कोळ. सासूबाईंनी भाकरीबरोबर खाल्ली, पुन्हा मागून घेतली आणि मग विचारले, "दोडकी या दिवसांत कुठून आणलीस?"

पिकलेल्या केळ्याची साल पिठासाठी घ्यावी, मात्र ती पिवळी असावी. काळी पडलेली घेऊ नये. साल कापली की काळी पडते, कारण तिच्यातल्या विकरांमुळे (एन्झाइममुळे) तिच्यातल्या काही घटकांचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो. म्हणून पट्ट्या कापताच लिंबाचा रस घातलेल्या उकळत्या पाण्यात दोनतीन मिनिटे टाकाव्यात, निथळाव्यात आणि वाळवाव्यात. तरीही पीठ किंचित तपकिरीच होते. थालीपिठाच्या भाजणीत नऊ वाट्यांना एक वाटी घालावे. त्याहून जास्त घातले तर थालीपीठ कोरडे होते आणि किंचित तुरट लागते. या पिठाला पाणी जास्त लागते, म्हणून मळून दहा मिनिटे झाकून ठेवावे.

कलिंगडाची तुटीफ्रुटी हे नवशिक्याने सुरुवातीला करावे असे काम आहे, कारण त्यात फसण्याची शक्यता सर्वांत कमी आणि मुलांचा उत्साह सर्वांत जास्त असतो. बाजारातली तुटीफ्रुटी सहसा कच्च्या पपईची असते. कलिंगडाची तिच्याहून थोडी मऊ होते. तीन किलोच्या कलिंगडातून हिरवी साल सोलाण्याने काढल्यावर आणि आतला लाल गर खरवडल्यावर अर्धा किलोच्या आसपास पांढरा भाग मिळतो. त्याचे मुगाच्या दाण्याहून थोडे मोठे चौकोनी तुकडे करावेत. ते कडक हवे असतील तर पेठ्यासाठी वापरतात तशी चुन्याची निवळी वापरावी: लिटरभर पाण्यात एक चमचा खायचा चुना ढवळून तासभर स्थिर ठेवावा, वरचे नितळ पाणी तेवढेच घ्यावे, तुकडे त्यात दोन तास ठेवावेत आणि चारपाच पाण्यांनी धुवावेत. चुन्यातले कॅल्शियम सालीतल्या पेक्टिनला बांधते, त्यामुळे तुकडा उकळूनही आकार सोडत नाही.

नंतर तुकडे साध्या पाण्यात कडा पारदर्शक दिसू लागेपर्यंत, साधारण आठ ते दहा मिनिटे उकळून निथळावेत. चारशे ग्रॅम साखर आणि एक वाटी पाणी यांचा पाक करून त्यात ते दहा मिनिटे मंद आचेवर ठेवावेत आणि गॅस बंद करून रात्रभर झाकून ठेवावेत. दुसऱ्या दिवशी तुकडे काढून केवळ पाक उकळून थोडा दाट करावा व तुकडे परत घालावेत. तिसऱ्या दिवशी हेच करून पाक दोनतारीपर्यंत आणावा आणि साखर पुन्हा दाणेदार होऊ नये म्हणून चमचाभर लिंबाचा रस घालावा. हे एका दिवसात उरकू नये. पाक एकदम दाट केला तर तो तुकड्यातले पाणी झपाट्याने ओढून घेतो आणि तुकडा सुरकुतून मनुक्यासारखा होतो. हळूहळू दाट केला तर पाणी बाहेर पडताना साखर आत शिरते. रंगासाठी पाक वाट्यांत वाटून बीटाचा रस, हळद किंवा केशर वापरावे. शेवटी चाळणीवर निथळून कापडावर एकदोन दिवस पंख्याखाली कोरडे करावेत. तीन उकळ्या काढलेल्या संत्र्याच्या पट्ट्याही याच पद्धतीने पाकवाव्यात. त्यांना एक दिवस जास्त लागतो. उरलेला पाक लिंबू सरबतात संपतो.

८. विकायचे असेल तर

सोसायटीत दोनचार जणींनी चव घेतली की "आम्हालाही करून दे, पैसे घे" असे म्हणणारे निघतातच. पैसे घेतले की तो खाद्यव्यवसाय होतो, आणि घरगुती असला तरी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ त्याला लागू होतो. एफएसएसएआयच्या, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या, फॉसकॉस या संकेतस्थळावर लहान व्यवसायासाठी नोंदणी आणि मोठ्यासाठी परवाना अशी विभागणी आहे. २०११ च्या नियमांत नोंदणीची मर्यादा वार्षिक १२ लाख रुपयांच्या उलाढालीची ठरवली होती. अर्ज करण्याआधी सध्याची मर्यादा आणि शुल्क संकेतस्थळावरच पाहावे. एजंटाची गरज नसते. कागदपत्रे पुढीलप्रमाणे तयार ठेवावीत:

– स्वतःचे छायाचित्र
– ओळखपत्र
– घराच्या पत्त्याचा पुरावा, भाड्याचे घर असल्यास करारनामा
– कोणते पदार्थ करणार त्यांची यादी

नोंदणी झाली की चौदा अंकी क्रमांक मिळतो आणि तो पाकिटावर छापावा लागतो. त्याशिवाय पदार्थाचे नाव, प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने घटक, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची आणि वापरण्याची तारीख, तुमचे नाव-पत्ता आणि शाकाहाराचे हिरवे चिन्ह हवे. पाकवलेल्या सालीसाठी मानकेच ठरलेली आहेत: एकूण साखर ७० टक्क्यांहून कमी असता कामा नये, म्हणून तुकडे "कमी गोड" करून विकण्याच्या फंदात पडू नये.

याउलट ज्या घटकाचा आपल्याकडे खाण्याचा प्रघात नाही, त्यासाठी २०१७ च्या नियमांनुसार आधी स्वतंत्र मंजुरी घ्यावी लागते, आणि केळ्याच्या सालीचे पीठ या नियमात बसते की नाही याचा वाद घालण्याइतका वेळ माझ्याकडे नाही. म्हणून माझ्या पाकिटांत फक्त तुटीफ्रुटी आणि संत्र्याची पाकवलेली साल असते. केळ्याच्या सालीची भाजणी घरच्या डब्यातच राहते.